न घातलेलं काजळ

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ लहानपणापासून चुकतं. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि त्यानंतर पेन हातात आला तो सही करण्यापुरता. आता तर ओळीही वर-खाली जातात, कारण डाव्या बाजूला ओळ कुठं सुरू होते ते मान वळवल्याशिवाय मला दिसत नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. काही माणसांचे उपकार आहेत माझ्यावर, आणि तोंडानं ते बोलून दाखवायला मला जमलं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून कागदावर लिहिते.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं, कुरुंद्याच्या अंगाला. इकडं हळद पुष्कळ. मालक गेल्यापासून मी बायांच्या टोळीत रोजानं जाते. मुलगी वारंगा फाट्याकडं दिलेली, तिच्या घरी ती सुखात आहे. घरात आता दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. दोघीही पांढऱ्या कपाळाच्या. संध्याकाळी दारात बसलो की रस्त्यानं जाणाऱ्या सवाष्णी आमच्याकडं बघून नुसतं हसतात, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. त्याचं आता काही वाटत नाही. पण हे लिहिलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते यामुळंच झालं.

त्या वर्षी हळद शिजवून वाळली होती आणि आम्ही खळ्यावर गोल बसून निवडत होतो. लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे एकीकडं. मी माझ्या समोरचं निवडून हात झटकले. आमच्या मुकादमीणबाई, ज्यांना सगळी टोळी अक्का म्हणते, त्या पलीकडून ओरडल्या.

"अगं, डाव्या अंगाचा ढीग कोण निवडंल? तो काय सोयऱ्यांचा हाय?"

मी मान वळवली. खरंच, गुडघ्याला टेकून मोठा ढीग होता. मला तो दिसलाच नव्हता. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्याच आठवड्यात मी दावणीच्या खुंट्याला अडखळून पडले होते, आणि खुंटा तिथं काल रोवलेला नव्हता, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा होता.

अक्कांनी ते हसण्यावारी नेलं नाही. दुपारी भाकरी खाताना त्या माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि हळूच हात हलवला. मी पुढंच बघत होते. त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "दवाखान्यात जाय. उद्याच जाय. रोज बुडला तर बुडू दे."

नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. त्यांनी डोळ्यात थेंब घालून, यंत्राला हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. मग एका यंत्रात डोकं घालायला लावलं आणि सांगितलं, बारीक दिवा दिसला की बटण दाबा. मी वाट बघत बसले. कधी दिसायचा, कधी नाही. नंतर कळलं, दिवे सगळीकडं लागत होते.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढलाय, त्यानं मागची नस सुकत चाललीय. आधी कडेचं दिसणं जातं, म्हणून माणसाला कळत नाही. जे गेलं ते परत येत नाही, मावशी. पण राहिलेली नजर राखता येते. हे थेंब रोज संध्याकाळी, एकेक, दोन्ही डोळ्यांत. जन्मभर. चुकवायचं नाही."

राहिलेली नजर राखायची. एवढंच मी डोक्यात धरून एसटीत बसले. मधलं दिसत होतं मला. हळकुंड आणि गड्डा ओळखता येत होता, तव्यावरची भाकरी दिसत होती, आत्याबाईंचा चेहरा दिसत होता. तेवढं राहिलं तर आम्हा दोघींचं भागणार होतं. ते गेलं असतं तर आत्याबाईंना या वयात मला हाताला धरून न्यावं लागलं असतं, आणि त्यांचे स्वतःचेच गुडघे चालत नाहीत.

थेंब घालायचं काम आत्याबाईंनी आपल्याकडं घेतलं. माझा मला नेम जमत नव्हता, बाटली जवळ आली की डोळा मिटायचा. त्या मला बाजेवर उताणी झोपवायच्या, डोकं मांडीवर घ्यायच्या आणि लेकराचं करावं तसं करायच्या. त्यांचा हात थरथरतो. थेंब कधी गालावर, कधी कानात.

"आत्याबाई, एकच थेंब सांगितलाय."

"गप पड. एका थेंबानं काय व्हतंय? एवढ्या मोलाचं औषध, ते काय नुसतं दाखवायला?"

दोन-तीन थेंब पडायचे. डोळ्यात मावायचे नाहीत, बाहेर ओघळायचे. मग आत्याबाई ते वाया जाऊ द्यायच्या नाहीत. अंगठ्यानं वरच्या पापणीवर, खालच्या पापणीवर, कडेकडेनं, हळूहळू चोळून जिरवायच्या. लेकरांना तेल लावताना टाळूवर जिरवतात ना, अगदी तसं. "आतून बी लागू दे, भायेरून बी लागू दे," असं म्हणायच्या. मला तो अंगठा फार बरा वाटायचा. आई गेल्यापासून माझ्या तोंडावरून कुणी हात फिरवला नव्हता.

बाटली ठेवायची कुठं हाही प्रश्न होता. थंड जागी ठेवा म्हणाले होते, आणि आमच्याकडं चैतात पत्रा असा तापतो की आत उभं राहवत नाही. फ्रिज आमच्याकडं नाही. आत्याबाईंनी रांजणाच्या बुडाशी ओली वाळू केली, स्टीलच्या डबीत बाटली घातली आणि डबी वाळूत बसवली. रोज वाळूवर पाणी शिंपायच्या. दोन महिन्यांनी पहिल्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं, त्यांनी डबीचं झाकण घट्ट बसतं का विचारलं, मान डोलावली आणि माझे डोळे बघून कागदावर काहीतरी लिहून ठेवलं.

सुरुवातीला डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे, घशात कडू उतरायचं. ते मी सहन केलं. औषध कडूच असतं. पण दीड-दोन महिन्यांत दुसरंच काहीतरी सुरू झालं. माझ्या पापण्यांचे केस वाढायला लागले. काळे, दाट, लांब. वर-खाली पापणीच्या कडेनं कातडी सावळी पडली. आरशात मी कमीच बघते, म्हणून मला उशिरा कळलं. खळ्यावर आधी कळलं.

आमच्या मागच्या घरची एक सून आहे, तिशी-पस्तिशीची. तोंडाची फटकळ. टोळीत माझ्या समोर बसायची. एक दिवस हात थांबवून बघत राहिली.

"काकू, काजळ घालून राहिल्या काय?"

मी म्हणाले, न्हाई गं. पण इतकं हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं नसेल.

"घाला की! लाजता काहून? डोळे कसे नटीवानी दिसून राहिले. पण कुणासाठी ते तरी सांगा!"

गोलात हशा पिकला. दुसरी कुणी म्हणाली, "आता या वयात घातल्यावर कुणासाठी असंल? मुकादमासाठी." आमच्या टोळीला बाप्या मुकादमच नाही, म्हणून आणखी हसल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे आज मला कळतं. खळ्यावर दिवसभर उन्हात बसायचं म्हटल्यावर कुणाची तरी थट्टा लागतेच, त्या दिवशी ती माझ्यावर आली. पण विधवा बाईच्या डोळ्यात काजळ, हे हसण्यासारखं राहत नाही. ते पाण्याच्या टाकीपाशी जातं, दळणाच्या गिरणीत जातं. दोन दिवसांनी गिरणीवाल्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. बस्स, तेवढं पुरलं. पदर इतका पुढं ओढला की डावीकडचं आधीच दिसत नव्हतं, आता उजवीकडचंही दिसेना.

घरी येऊन आत्याबाईंना म्हणाले, "आता माझा नेम बसतो. माझं मी घालीन."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "माझा हात कापतो."

रोज संध्याकाळी मी डबी काढायची, आतल्या खोलीत जायची, डोळे मिटून बसायची आणि डबी परत वाळूत ठेवायची. बाटली उघडली नाही. त्यांच्याशी असं वागताना जीव तुटायचा, पण त्यांना काजळाचं बोलणं कळलं असतं तर त्या काठी टेकत खळ्यावर भांडायला आल्या असत्या, आणि मग उरलेल्या गावालाही कळलं असतं. पापण्या हळूहळू पहिल्यासारख्या झाल्या. काळेपणा उतरला. थट्टा दुसरीकडं गेली. मला वाटलं, मिटलं.

हिवाळा सरता सरता पुढच्या तपासणीची वेळ आली तेव्हा मी नांदेडला गेले, कारण आत्याबाई रोज आठवण करून देत होत्या. डॉक्टरीणबाईंनी दाब बघितला, परत बघितला.

"थेंब घालता ना, मावशी?"

मी मान हलवली.

"रोज?"

परत हलवली.

त्यांनी दिवा जरा बाजूला केला आणि माझ्या पापण्यांकडं बघत राहिल्या. मागच्या खेपेला लिहिलेलं काढून वाचलं. मग रागावल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "मावशी, मागच्या वेळी तुमच्या पापण्या वाढायला लागल्याचं मी लिहून ठेवलंय. हे औषध रोज घातलं की त्या तशाच राहतात. आज त्या आखूड आहेत. म्हणजे थेंब बंद केलेत."

मला रडू आलं. ज्या पापण्यांची मला लाज वाटली, त्यांनीच माझं खोटं बाहेर काढलं. मी काजळाचं सांगितलं, अर्धं बोलून, अर्धं खुणेनं. त्या मधे बोलल्या नाहीत. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. पापण्या वाढतील, कातडी काळवंडेल, हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही मला सांगायचं होतं, बंद नव्हतं करायचं. दाब चढलाय. दुखत नाही म्हणून कळत नाही, पण नस आत सुकतेच."

मग त्यांनी विचारलं, थेंब कसे घालता. मी आत्याबाईंचा अंगठा कसा फिरायचा ते माझ्या पापणीवर करून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्यांना हसू आलं, मलाही आलं.

"अहो, म्हणून तर! औषध लागेल तिथं केस वाढतात, कातडी काळी होते. तुम्ही रोज मालिश केलीत!"

तिथल्या नर्सताईंनी मला समोर बसवून शिकवलं. ते मी आजही तसंच करते. आधी साबणानं हात धुवायचे, हळदीचा पिवळेपणा जात नाही पण धूळ जाते. मान मागं टाकायची, खालची पापणी बोटानं ओढून खळगा करायचा, आणि बाटलीचं टोक कुठं न टेकवता त्यात एकच थेंब सोडायचा. डोळ्यात एकाच थेंबाची जागा असते, दुसरा नुसता वाहून जातो. मग डोळा मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. औषध त्या कोपऱ्यातल्या बारीक वाटेनं नाकात, घशात आणि अंगात उतरतं, कडू लागतं ते त्यामुळं. दाबलं की डोळ्यातच राहतं. बाहेर आलेलं स्वच्छ कापसानं लगेच टिपायचं, चोळायचं नाही. आणि बाटली उघडून महिना झाला की उरलेलं असलं तरी टाकून द्यायचं.

"दोन-तीन मिनिटं दाबा," नर्सताई म्हणाल्या. "घड्याळ बघून."

डोळे मिटल्यावर घड्याळ कसं बघायचं? पण लाजून मी विचारलं नाही. घरी येऊन मी माझी सोय केली. चौथीपर्यंतचे पाढे मला पाठ आहेत, गुरुजींनी उभं करून करून घेतलेले. कोपरा दाबून मी बारापासून सुरू करते. सतराच्या पाढ्यात आजही अडखळते, परत मागं येते, एकोणिसाला पोचेपर्यंत वेळ होऊन जातो. आत्याबाई बाहेरून विचारतात, "झाला का गं तुझा पाढा?"

त्यांना मी सगळं खरं सांगितलं. अंगठ्याचं ऐकून त्या आपला अंगठाच बघत बसल्या. मला वाटलं त्यांना लागलं. मग म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर चोळलं असतं तर केस तरी आले असते." आणि पदराखाली हसत बसल्या. आता कापूस टिपायचं काम त्यांच्याकडं आहे. थेंब मी सोडते, कापूस त्या धरतात. महिना झाला की बाटलीत उरलेले चार थेंब बघून त्यांचा जीव हळहळतो, पण त्या स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकतात.

त्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध दिलं, सकाळ-संध्याकाळचं, ज्यानं पापण्या वाढत नाहीत. देण्याआधी विचारलं, दमा आहे का, छातीचा काही त्रास? मी नाही म्हणाले. दमा म्हणजे माझ्या वडिलांना होता तो, रात्रभर उशीला टेकून बसायचे. हळद फिरत्या लोखंडी ढोलात घालून घासताना आम्हा सगळ्या बायांना खोकला येतो, छाती भरते, ते आम्ही कुणी दुखणं धरत नाही. ते हळदीचं असतं, पाऊस पडला की जातं.

पण या नव्या थेंबांनी मला पंधरवड्यात खाली बसवलं. पायरी चढले की धाप. हातपाय जड, दिवसभर झोप आल्यासारखं. एक दिवस ढोल फिरत होता, पिवळी धूळ उठली होती, आणि मला श्वासच घेता येईना. मी टोपलं टाकून बाजूला गेले आणि बाभळीला टेकले. छातीतून शिट्टी वाजत होती.

अक्का धावत आल्या. पाणी पाजलं, ढोल थांबवायला लावला. टोळी सगळी भोवती जमली.

"काय झालं? काही खाल्लं न्हाईस का? तुला मागच्या आठ दिसांपासून बघून राहिले मी, मेल्यावानी चालतीस."

मी पदर तोंडावर ओढला. नेहमीसारखा. मग डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं, तुम्ही मला सांगायचं होतं. एवढ्या बायांत आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड उघडलं. काचबिंदू, थेंब, पापण्या, आत्याबाईंचा अंगठा, आणि काजळाचं बोलणं झाल्यावर औषध बंद करणं, सगळं सांगितलं. श्वास पुरत नव्हता म्हणून थांबत थांबत सांगितलं, आणि त्यामुळं कुणी मधे बोललं नाही.

मागच्या घरची सून डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, "मग तवाच काहून न्हाई सांगितलं, काकू? म्या काय वाघीण हाव?"

"तू इचारलं कुठं, बाई," मी म्हणाले. "तू हासलीस."

तिनं माझं टाकलेलं टोपलं उचलून आणलं. तिला दुसऱ्याचं टोपलं उचलताना आम्ही कुणी बघितलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "आताच्या आता नांदेड. मी येते संगं. ही शिट्टी घेऊन बसू नगं." मग माझा हात धरून हळूच विचारलं, "पैसे हायेत का?"

नव्हते. रोज बुडत होता, औषधं महाग होती, आणि या वेळी यंत्राची ती दिव्यांची तपासणीही परत करायची होती. आमच्या टोळीची भिशी आहे. सगळ्या जणी महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे मिळतात. त्या महिन्याची चिठ्ठी मागच्या घरच्या सुनेची निघाली होती. त्यातून ती स्वयंपाकघरावर पत्रा टाकणार होती, पावसाळ्याआधी. महिनाभर आम्ही तिच्या तोंडून त्या पत्र्याशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं.

अक्कांनी तिच्याकडं बघितलंही नाही. तीच कमरेचा बटवा काढून माझ्या मांडीवर टाकत म्हणाली, "घ्या. पत्र्याचं काय, तो काय आंधळा होऊन राहिला? पण फुकट न्हाई देत. हप्त्या-हप्त्यानं परत पाहिजेत, आन् तुमाला मी काजळवालीच म्हननार. त्यात सूट न्हाई."

 मी नुसता बटवा धरून बसले.

दवाखान्यात अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, ती फार हळू चालत होती. छाती ऐकली. "हा दमाच आहे, मावशी. धुळीचा. तुम्ही नाही म्हणालात." अक्का म्हणाल्या, "बाई, हा खोकला तर आमा समद्यांला हाय." डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली आणि म्हणाल्या, "मग सगळ्यांनीच एकदा छाती तपासून घ्या." त्यांनी ते थेंब तिथंच बंद केले. छातीसाठी औषध दिलं. आणि मला म्हणाल्या, या वेळी स्वतःहून बंद न करता सांगायला आलात, हे फार चांगलं केलं. शाळेत गुरुजींनी पाढा बरोबर आला म्हणून एकदा पाठ थोपटली होती, तसं वाटलं.

"अजून एक तिसरं औषध आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं काहींना डोळ्याला खाज सुटते, तोंड कोरडं पडतं. नाहीतर पहिलं. ते तुम्हाला लागू पडलं होतं. पण पापण्या..."

"पहिलंच द्या," मी म्हणाले.

माझाच आवाज मला मोठा वाटला. अक्कांनी माझ्याकडं वळून बघितलं.

तर ते पहिलं औषध परत सुरू झालं, एकच थेंब, पाढा आणि कापूस. धाप गेली. आठवडाभरात मी परत टोपलं उचलायला लागले, धुळीच्या कामाला तोंडाला ओलं फडकं बांधून. दोन महिन्यांनी पापण्या पुन्हा वाढल्या. कातडी मात्र पहिल्याइतकी काळी झाली नाही, कारण चोळणं बंद होतं. तरी बघणाऱ्याला दिसायचंच.

त्या मोसमात आम्ही एका मोठ्या घराच्या हळदीला गेलो होतो. तिथल्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि अक्कांना म्हणाल्या, "तुमच्या टोळीत ही नवी पद्धत काय? कपाळ रिकामं आन् डोळ्यात काजळ?"

माझा हात पदराकडं गेला. पण त्याआधीच मागच्या घरची उठून आली होती. तिनं आपल्या पदराचं टोक चहाच्या पाण्यात नाही, पिण्याच्या पाण्यात बुडवलं, देवाशपथ खरं, तेवढी काळजी तिनं घेतली. माझी हनुवटी धरली आणि माझ्या दोन्ही पापण्या खसखसा पुसल्या. मग पदर मालकीणबाईंच्या नाकासमोर धरला.

"बघा बाईसाहेब. हाय का काळं?"

पदराला काळं नव्हतं. पिवळं होतं, तिच्याच बोटांचं.

"औषध हाय ते. डोळे जाऊन राहिले काकूंचे. आन् काजळवाली म्हनायचं झालं तर आमी म्हनतो, भायेरच्यांनी न्हाई म्हनायचं."

मालकीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग त्या माझ्याजवळ खाली बसल्या आणि विचारायला लागल्या, कडेचं दिसेनासं होतं म्हणजे कसं होतं, कारण त्यांची बहीण सारखी दारावर आपटते. मी त्यांना सगळं सांगितलं. घाबरत सांगितलं, पण सांगितलं. जाताना त्यांनी मला चहा दुसऱ्यांदा आणून दिला. माझ्या पापण्या मात्र दिवसभर झोंबत होत्या, तिचा पदर भरड सुताचा. नर्सताईंनी बघितलं असतं तर रागावल्या असत्या.

हप्ते मी देत गेले. कधी वेळेवर, कधी एक महिना सोडून. ती कधी मागायला आली नाही. पावसाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात चुलीवर ताडपत्री बांधलेली होती, आणि पाऊस लागला की ती भिंतीपलीकडून ओरडायची, "काजळवाली, माझ्या भाकरीत पानी पडून राहिलं!" मी इकडून हसायची. पहिल्यांदा हसले तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, हे तुझं हसणं हाय काय? मी इतक्या वर्षांत मोठ्यानं हसलेच नव्हते म्हणे.

गेल्या तपासणीला दिव्यांचं यंत्र परत लावलं. मी बटण दाबत बसले. डॉक्टरीणबाईंनी आधीचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवून मला दाखवले. दोन्हीवर गेलेल्या नजरेचा काळा भाग तेवढाच होता. पुढं सरकला नव्हता. "राखलीत," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात शेवटचा हप्ता जमला. मी तो घेऊन खळ्यावर गेले. मागच्या घरची माझ्या समोरच बसली होती, हळकुंडं निवडत. आता माझी जागा अक्कांनी ठरवून दिली आहे, ढीग सगळा माझ्या उजव्या हाताला. मी पैसे तिच्या ओंजळीत दिले. तिनं मोजले नाहीत, कमरेला खोचले.

"फिटलं का, अक्का?" तिनं तिकडं बघून विचारलं.

"समदं फिटलं," अक्का म्हणाल्या.

"चला, काजळवाली सुटली. आता उद्या पत्रा टाकून घेते, बघायला यायचं. तुमालाच आधी दाखवनार."

मी येईन म्हणाले, आणि निवडायला बसले.